फुटक्या मडक्याची मालकीण

काचेच्या पेट्यांत मासे पाळायचं खूळ नवं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका हौशी माणसाने मरळ, वाम आणि ऑस्कर असे तीन दांडगे मासे एकाच पेटीत सोडले. आडोशाला मात्र एकच फुटकं मडकं ठेवलं.

म्हाताऱ्या मरळीने ते लढून मिळवलं. मिळवलं खरं, पण तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खाद्य पडलं तरी ती मडकं सोडून जाईना. मरळीला श्वासासाठी पाण्यावर यावं लागतं, पण तेवढ्यात कुणी घुसेल म्हणून ती जीव कोंडून बसायची.

एक दिवस ऑस्कर पुन्हा अंगावर धावून आला.

"मावशी, नीघ बाहेर! नाहीतर फाडून खाईन."

मरळ दमून गेली होती.

"घे बाबा," ती म्हणाली आणि बाहेर आली.

ऑस्कर घाईघाईने आत शिरला, वळला आणि तोंडाशी जबडा वासून बसला. मरळ सावकाश वर गेली. तिने छाती भरून श्वास घेतला, पोटभर खाल्लं आणि उघड्यावरच निवांत पडली.

एवढ्यात मडक्यातून दबका आवाज आला.

"मावशी, वाम कुठे आहे, बघून सांग ना. मला इथून हलता येत नाही."