बाभळीला दाखवलेले बोट

एका माळरानालगतच्या गावात पाखरांचे वेड असलेले एक वृद्ध गृहस्थ राहत असत. लोक त्यांना आप्पा म्हणत. पाखरे ओळखायला शिकण्यासाठी कालिंदी त्यांच्याकडे येऊ लागली, तेव्हा त्यांनी तिला एकच नियम घालून दिला: घरट्याला बोट दाखवायचे नाही. कोवळ्या काकडीला बोट दाखवले की ती कुजते म्हणतात, त्यातलाच हा प्रकार असे समजून ती मनातल्या मनात हसली होती.

त्या चैत्रात गावच्या आमराईत पिवळ्याधमक हळद्या पक्ष्यांची जोडी परतली. आधीचे तीन वसंत ती आलीच नव्हती. ती कायमचीच गेली, या धास्तीने तोवर आप्पा खचत चालले होते. कालिंदीने आंब्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात झोळीसारखे टांगलेले घरटे हुडकून काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना मोठ्या हौसेने तिथे घेऊन आली. मादी अंड्यांवर बसली होती.

आप्पांनी एकदाच वर पाहिले. मग शेजारच्या वाळक्या फांदीवर बसलेला कावळा त्यांना दिसला आणि त्यांचा चेहराच उतरला. ते लगबगीने पलीकडच्या बाभळीखाली जाऊन उभे राहिले. बाभळीवर काहीही नव्हते. तरी ते मान उंचावून टक लावून पाहू लागले, आणि हात वर करून त्यांनी चक्क बोट दाखवले.  म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय, या शंकेने कालिंदीने त्यांचा दंड धरला. 

तेवढ्यात कावळा आंब्यावरून उडाला, बाभळीवर येऊन बसला आणि एकेक फांदी धुंडाळू लागला.

आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "घरटं कुठं आहे हे त्याला ठाऊक नसतं, पोरी. आपण कुठं बघतो, तेवढं त्याला कळतं. दृष्ट काय वाईट माणसाचीच लागते असं नाही. जीव लावून बघणाऱ्याचीही लागते. त्याच्या नजरेचा माग धरून दुसरा कोणीतरी येतो."

 काल त्याच आंब्याखाली कालिंदी दुर्बीण लावून दोन तास उभी होती. तिने ते कसेबसे सांगितले.

"तेव्हा कावळा होता का तिथं?" आप्पांनी विचारले.

"मी घरट्याकडेच बघत होते, आप्पा."

आप्पांनी आमराईकडे पाठ फिरवली. दोघे गावाच्या वाटेला लागले. थोडे अंतर गेल्यावर मागे कावळा ओरडला. बाभळीवरून की आंब्यावरून, ते तिला कळेना. वळून पाहावे म्हणून तिचा जीव कासावीस झाला. डोळे भरून आले, पण ती समोर पाहत चालत राहिली.