आवडीने राखलेलं गोडं पाणी

आमच्या आजीच्या आजीनेही ही गोष्ट ऐकलेलीच, पाहिलेली नाही. तेव्हा किती जुनी ते विचारू नका, नीट ऐका.

मिठाखाडी हे आमचं गाव. तीन बाजूंनी समुद्र, आणि साऱ्या गावात विहीर एकच, वाळूतली. तिच्यात वर गोडं पाणी, खाली खारं. गोडं हलकं, खारं जड, म्हणून दुधावरच्या सायीसारखं गोडं वर राहतं. पण धसमुसळेपणा केला किंवा जास्त उपसलं, की खालचं वर येतं आणि सगळं नासतं. मग ते ना माणसाच्या कामाचं, ना गुराच्या, ना झाडाच्या. म्हणून त्या विहिरीत कळशी कधी सोडत नसत. लांब काठीला करवंटी बांधायची आणि वरच्या वर पाणी हलकेच काढायचं. हे काम सोनू भंडाऱ्याच्या बायकोकडे, आवडीकडे होतं. जिभेची तिखट बाई, पण हात असा की पाण्याला कळत नसे, असं म्हणतात.

एकदा लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. माड वाळले, गुरं मेली. विहिरीत गोडं पाणी वीतभर उरलं. आवडीने ठरवलं, माणशी रोज एक करवंटी, मग तो खोत असो की खोताचा गडी. खोताने डोळे वटारले. ती म्हणाली, "खारं पाणी काय तुमचं नाव विचारून वर येणार आहे?" खोत मुकाट्याने रांगेत उभा राहिला.

त्याच उन्हाळ्यात तिच्या लेकीला, जाईला, तापाने धरलं. आवडीने आपला वाटा तिला पाजला, सोनूने आपला पाजला. पोर आणखी मागत होती. सोनू कळशी घेऊन विहिरीकडे धावला. आवडी आडवी आली.

"आवडे, आपली पोर आहे गं," तो म्हणाला.

"आजचं गोडं काढून झालं, रात्रीतून पाझरेल ते उद्याचं. आता घोटभर काढलंत तरी खारं वर येईल, आणि मग गावात एकही पोर राहणार नाही."

मग ती जाईला खांद्यावर घेऊन दारोदार फिरली. घरोघरी त्या दिवसाचं पाणी थोडंथोडं शिल्लक होतं. पण कोणी म्हणालं, संपलं बाई. कोणी दारच उघडलं नाही. मेल्यांनी एकेक घोट दिला असता तरी पुरला असता! शेवटच्या घराच्या पायरीवर जाईचा जीव गेला. सांगताना मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी आवडी रोजच्यासारखी विहिरीवर आली. सगळ्यांना पाणी दिलं, एकालाही बोल लावला नाही. कुणाला तिच्याकडे बघवेना. वाटून झालं तशी ती विहिरीत उतरली, ती वर आलीच नाही. बाप्ये आत उतरले, तळ चाचपला, पाणी पार ढवळून काढलं. ती सापडली नाही, आणि पाणीही खारट झालं नाही. असं म्हणतात, वाळूखाली ती खाऱ्या पाण्याला पाठीने दाबून बसली आहे. पाऊस येईपर्यंत गाव त्याच पाण्यावर जगलं.

अजूनही चैत्रात एक दिवस आमच्या गावात कुठलीच आई आपल्या पोराला पाणी देत नाही. ती पोराला घेऊन शेजारच्या दारात उभी राहते. शेजारणीने पाजायचं, आणि पोर स्वतः "पुरे" म्हणेपर्यंत हात मागे घ्यायचा नाही.