चेंबरखालची प्लेट

"हा रस्ता कुणीतरी खाल्लाय, बाबा. कागदावर डांबर आणि जागेवर धोंडे. ज्याने खाल्ला, त्यानेच भागीला मारलं."

खेमनाथबाबा मठाच्या ओट्यावर गवार मोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणी खाल्ला?"

निनादला नाव माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

भागी म्हणजे वरच्या धनगरवाड्यातल्या बयाजी झोऱ्यांची थोरली सून. पावसाळा सरताना ती बाळंतपणात अडली. मठाची जीप तिला खाली आणत होती आणि निनाद चालवत होता. वळणावर जीपचं पोट दगडावर आपटलं, इंजिनाच्या तेलाचा चेंबर फुटला, सगळं तेल रस्त्यावर सांडलं. पुढे तिला माणसांनी खांद्यावरून नेलं. दवाखान्याच्या दारात उतरवली तेव्हा आई गेली होती, आणि पोटातलं मूलही.

निनाद इंजिनिअर. शहरातली नोकरी सोडून तो मठात सेवेला आला होता, आणि सोडलेल्या नोकरीचा त्याला अजून अभिमान होता.

नवा चेंबर लगेच बसला. पण खालून संरक्षक प्लेट लावल्याशिवाय जीप त्या चढावर न्यायची नाही, असं त्याने ठरवलं. तेव्हापासून जीप मठामागे उभी होती आणि निनाद प्लेट निवडत होता.

आज त्याने दोन प्लेटी आणल्या होत्या, परत करायच्या बोलीवर. एक पोलादाची, एक ॲल्युमिनियमची. त्या त्याने ओट्यावर मांडल्या आणि समजावून सांगायला सुरुवात केली. पोलाद मार खातं, पोचा पडतो पण फुटत नाही. मात्र ते जड, गंजणारं, आणि त्याच्या वजनाने जीप आणखी खाली बसणार. ॲल्युमिनियम हलकं, पण मऊ. खडकावरून घसरायचं सोडून कधीकधी त्यालाच धरून बसतं. आणि कुठलीही लावली तरी चेंबर झाकला जाणार. तेल गळू लागलं तर ते प्लेटवरच साठणार, वेळेवर दिसणार नाही...

बाबांनी पोलादी प्लेटवर टिचकी मारली.

"हिच्यावर भाकरी छान होईल."

"बाबा, मी गंभीरपणे विचारतोय."

"भाकरी काय थट्टेची गोष्ट आहे?"

निनाद हसला नाही. "मला अशी हवी, की पुन्हा कधीच..."



बाबांनी गवारीचं सूप बाजूला सारलं.

"जीप कशापासून वाचवायची?"

"दगडापासून."

"कुठल्या?"

निनादने चढाकडे बोट दाखवलं.

"तो अजून तिथेच आहे?"

"...आहे."

बाबा उठले. भिंतीला टेकवलेली पहार त्यांनी स्वतः उचलली.

अर्धा चढ चढल्यावर निनाद थांबला आणि स्वतःशीच हसला. किती दुकानं पालथी घातली, रस्त्यासाठी किती अर्ज केले, किती व्हिडिओ पाहिले. आणि ज्या दगडाने घात केला, त्याला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्याच्याही नाही.

"समजलं, बाबा. प्लेट नाही. दगड."

बाबा पहारीला टेकून उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

वळणावरचा दगड अजून तेलाने काळा होता. बयाजी जवळच म्हशी चारत होता. दोघांना खणताना पाहून तो न बोलावता आला. निनादचे हात भरून आले की पहार घ्यायचा, थोड्या वेळाने परत द्यायचा. भागी गेली त्या दिवसापासून तो निनादला एका शब्दाने बोलला नव्हता, आणि निनादला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

माती निघाली. मुरूम निघाला. दगड मात्र रुंद होत गेला.

ते एका बाजूने सरकले, मग दुसऱ्या. पहार जिथे टेकेल तिथे तोच आवाज. ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच पाठ उघडी पडली होती.

तो दगड नव्हताच. डोंगरच तिथे जरा वर आला होता.

निनाद उकरलेल्या मातीतच बसला. बाबा आता काहीतरी सांगतील म्हणून त्याने वाट पाहिली. ज्यासाठी त्यांनी इथवर आणलं, ते आता येईल.

बाबा घाम पुसत होते.

"तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?"

"नाही. मला वाटलं, निघेल."

निनादचा स्वर चढला. चढताना एक उत्तर मिळालं होतं, तेही गेलं, असं तो म्हणाला. रस्ता खाणारा सापडत नाही, दगड निघत नाही, गुरूला ठाऊक नाही, मग माणसाने करायचं काय, असंही म्हणाला. बरंच काही म्हणाला. मग त्याचा आवाज बसला.

बाबा वाकले. काळ्या डागावर त्यांनी तळवा जोरात घासला आणि निनादसमोर धरला.

तळवा कोरडा होता. तेल केव्हाच खडकात मुरलं होतं.

"...निदान एवढं तरी सांगा. कुठली लावू?"

"आज बसेल ती."

"आज कुठलीच नाही बसणार," निनाद म्हणाला. "दोन्हींची भोकं जुळत नाहीत. पट्ट्या वेल्डिंग करून घ्याव्या लागतील. वेल्डरही गावाला गेलाय, तो सोमवारी येईल, आणि त्याआधी प्लेट तर ठरायला..."

बाबांनी डोळे मिटले.

बयाजीने पहारीची माती धोतराच्या सोग्याने पुसली आणि ती दोन्ही हातांनी निनादपुढे केली.

"दमानं करा, दादा," तो म्हणाला. "धाकली सूनबी पोटुशी हाय, पर पाय चालत्यात तवरच तिला खाली तिच्या बहिणीकडं न्हेऊन ठेवली आमी. गाडीचं तुमचं सावकाश हू द्या."