लसणाच्या यंत्राला आलेलं स्थळ

एका गावात एक भोळा केरबा होता. गावाचं नाव लवंगमाची. केरबा टायपिंगची परीक्षा पास झालेला होता. जे सांगाल ते टाइप करायचा. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. त्याच्या डोक्याचंही तसंच होतं. सांगितलेलं सगळं आत जायचं, फक्त बाहेर यायचं ते भलत्याच वेळी.

त्याची वहिनी शेवंता मात्र हुशार. तिनं लसूण सोलायचं यंत्र बनवलं होतं. एकुलतं एक. दूध संस्थेच्या रिकाम्या शेडमध्ये ते धडधडायचं आणि गावातल्या सहा बायकांच्या चुली त्यावर पेटायच्या. आता संस्थेला शेड परत हवी होती. दसऱ्याच्या आत कुणी गुंतवणूकदार मिळाला तर नवी शेड बांधता येणार होती. नाही मिळाला तर यंत्र गोठ्यात आणि सहा जणी घरी. वहिनीला घास गोड लागेना.

तिचे हात दिवसभर लसणात. म्हणून तिनं संगणकाचं काम केरबावर सोपवलं.

"भावजी, त्या एआयला विचारा, धंद्यात पैसा घालणारं कोण कोण आहे. आणि त्यांना पत्रं धाडा."

"बरं, वहिनी."

एआय म्हणजे संगणकातला शहाणा. पण तोही विचाराल तेवढंच सांगणारा. केरबानं टाइप केलं, 'धंद्यात पैसा घालणारं कोण कोण आहे?' एआयनं तीनशे बारा नावं दिली. केरबानं तीनशे बारा पत्रं धाडली. त्यात कुणी औषधांत पैसा घालणारा होता, कुणी शर्यतीच्या घोड्यांत, कुणी उपग्रहांत. उपग्रहवाल्यानं चेष्टेनं विचारलं, तुमचा लसूण किती उंच जातो? केरबानं कळवलं, माळ्यापर्यंत.

वहिनीनं कपाळाला हात लावला. लसणाचाच हात होता, डोळे झोंबले. ती म्हणाली, असं नसतं विचारायचं. आधी आपली समदी माहिती द्यायची. काही म्हणजे काही लपवायचं नाही. मग तो आपल्याजोगा माणूस शोधतो.

"बरं, वहिनी."

दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या एका गृहस्थांचा फोन आला. तीनशे बारांत हे एकच कामाचे निघाले होते. अन्नप्रक्रियेच्या यंत्रांत पैसा घालायचे. त्यांनी विचारलं, यंत्र कसं काय चालतं?

केरबानं काही म्हणजे काही लपवलं नाही. सकाळी लाथ घातल्याशिवाय सुरू होत नाही, हे सांगितलं. मागच्या महिन्यात त्यानं कामावरच्या ठकूमावशीचा पदर ओढला, हे सांगितलं. वहिनी कामात असली की वसकन अंगावर येते, हे सांगितलं. मग माहिती अपुरी पडायला नको म्हणून स्वतःच्या पायाला भोवरी झाल्याचंही सांगितलं.

गृहस्थ म्हणाले, भोवरीवर बिब्बा लावा. आणि फोन ठेवला.

वहिनी खरोखरच वसकन अंगावर आली. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं, म्हणाली. एक शब्द जास्त बोलायचा नाही.

"बरं, वहिनी."

केरबा पुन्हा संगणकापाशी बसला. या वेळी एआयनंच विचारलं, 'तुम्ही मला तुमच्या व्यवसायाची माहिती देऊ शकता का?'

केरबानं लिहिलं, 'हो.'

'कृपया द्याल का?'

'हो.'

'मी वाट पाहत आहे.'

'बरं.'

मग दोघंही वाट पाहत बसले. दुपारचे चार वाजेपर्यंत. वहिनी आली तेव्हा एआय थकला नव्हता आणि केरबाही नव्हता.

आता दसरा बारा दिवसांवर आला होता. वहिनी खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, तुमच्या तिन्ही बहिणींची लग्नं तुम्हीच जमवली ना? स्थळ कसं बघायचं, ते तुम्हाला बरोबर कळतं. मग हे यंत्र म्हंजे आपली पोर समजा. गुंतवणूकदार म्हंजे स्थळ. अन् लिहा."

केरबाचा चेहरा उजळला. त्यानं टाइप केलं:

'मुलगी स्टीलची, वजन एकशे चाळीस किलो, रंग चकचकीत. कामसू. तासाला तीस किलो लसूण सोलते. घराणं गरीब पण नावाला जपणारं. स्थळ जवळचं हवं. मसाल्यातलं असल्यास उत्तम. लग्नानंतर मुलीला काम करू द्यावं. त्या घरच्या आधीच्या सुना सुखात आहेत का, चौकशी करून सांगणे. घोडे आणि उपग्रह नकोत.'

काय सांगावं, एआयला हे झटक्यात कळलं. त्यानं लांबचे गाळले, घोडेवाले गाळले, आधीच्या कंपन्या बुडवणारे गाळले आणि एकच नाव दिलं. साताऱ्याच्या बर्गेबाई. मसाल्याचा कारखाना, आणि नव्या धंद्यांत पैसा घालायची हौस. केरबानं तोच मजकूर त्यांना धाडला. बाईंनी पत्र वाचलं, पोट धरून हसल्या आणि गुरुवारी येते म्हणाल्या.

वहिनीला इतका आनंद झाला की तिनं केरबाला चक्क शहाणं म्हटलं. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

गुरुवारी सकाळी वहिनी कंपनीचे कागद आणायला तालुक्याला निघाली. जाताना बजावून गेली, "माझ्या आधी बाई आल्या, तर आता नवं डोकं लढवू नका. पत्रात केलं तसंच करा. पोर समजून."

"बरं, वहिनी."

बाई वहिनीच्या आधीच आल्या. केरबानं सतरंजी अंथरली. कांदेपोहे दिले. यंत्राला हिरवं लुगडं नेसवलं होतं आणि बटणापाशी गजरा माळला होता. बाईंना वाटलं, इकडची पद्धत असेल. ठकूमावशीनं यंत्राचं लुगडं वर खोचून ते सुरू केलं. लसूण पांढरा शुभ्र होऊन बाहेर पडला.

बाई म्हणाल्या, "पसंत आहे. महिनाभर माझ्या कारखान्यात चालवून बघते. आणि नव्या शेडसाठी हा पहिला चेक."

केरबानं हात मागं घेतला. "नाही बाई. आमच्यात मुलीचे पैसे घेत नाहीत."

बाईंना वाटलं, रक्कम कमी पडली. त्यांनी चेक फाडला आणि दुप्पट रकमेचा लिहिला. केरबाचे कान लाल झाले. बाईंनी मनात म्हटलं, माणूस पक्का व्यापारी दिसतो. त्यांनी तिप्पट रकमेचा लिहिला.

"बाई, आम्ही गरीब असू. पण पोर विकत नाही."

बाईंना वाटलं, हे तर यंत्र फुकटच देतायत. तीस वर्षांच्या धंद्यात असं दान त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, मग तसं लिहून तरी द्या, उद्या कुणी विचारायला नको. केरबानं लगेच टाइप केलं, 'ही कन्या राजीखुशीनं कायमची दिली. मोबदला घेतला नाही. तिच्यावर आमचा हक्क उरला नाही.' एक चूक नव्हती. खाली कंपनीचा शिक्काही मारला. मग यंत्राची ओटी भरली, ड्रायव्हरला टॉवेल-टोपी केली आणि सगळ्यांनी मिळून यंत्र गाडीत चढवलं.

वहिनी संध्याकाळी कागद घेऊन आली. रिकामी जागा बघितली. केरबानं एक अक्षर कमी-जास्त न करता सगळं सांगितलं आणि शिक्क्याची प्रत हातात दिली. वहिनीनं ती दोनदा वाचली. मग मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

केरबानं तिला पाणी आणून दिलं. त्याचेही डोळे भरले होते.

"रडा वहिनी," तो म्हणाला. "पाठवणीला आईनं रडायचंच असतं."