भूतमाशाची ओळख

"...आणि शेपूट?"

"चाबकासारखं, बाबा. टोकाला तर नुसता दोरा."

खोपीत पाटावर मासा पसरलेला. एकीकडे लालशा फकीर, दुसरीकडे गळ्यात मोजायचा टेप अडकवलेले डॉक्टर सुखटणकर. पदव्या इतक्या, की दारावरच्या पाटीत नावाला अंग चोरून बसावं लागे!

त्या बंदराची रीतच होती. अनोळखी मासा जाळ्यात आला की फकिरापुढं ठेवायचा. ओळख पटवील त्याचा मासा. नाही पटली, तर दर्याचा माल दर्यात.

सुखटणकरांना तो हवाच होता. जात नवी ठरली, तर शोधणारा म्हणून त्यांचं नाव जगभर लागणार होतं. अकरा वर्षं ते याच माशासाठी झुरत होते.

"अजून सांग."

"अंगाला खवला नाही. तोंडावर टाके घातल्यासारख्या रेघा. दातांऐवजी सशासारख्या पट्ट्या. पाठीवर विषारी काटा. कपाळावर गळासारखा आकडा, म्हणजे नर."

"राहतो कुठं?"

"पाचशे वाव, म्हणजे तीन हजार फूट खाली. तिथं उजेड पोचत नाही. फिक्का, गार, अंधारातून येतो... म्हणून भूतमासा."

"तू त्याला पाहिलंस. त्यानं तुला?"

"मेलाय तो, बाबा!" डॉक्टर हसले.

फकिरानं दार लोटलं.

भर दुपारी खोपीत काळोख झाला. डॉक्टरांच्या पाठीमागच्या फटीतून एक तिरीप आली आणि माशाचा डोळा हिरवागार पेटला.

डोळ्यामागं चकचकीत पडदा असतो, हे डॉक्टर दरसाल पोरांना शिकवत. आत्ता मात्र ते मागं सरकले.

फकिरानं त्यांच्याच गळ्यातला टेप काढून त्यांच्या तोंडाला लावला.

"कातडी फिक्की," तो पुटपुटला. "हात गार. अंगाला औषधाचा वास. तोंडावर रेघा. कपाळावर... दोन काचा."

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा चाचपला.

"डोळे मोठे. आत्ताच झालेत."

"बाबा... कुणाला सांगताय?"

फकीर माशावर वाकला होता.

"ओळख तर पटली ना?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "मग... नेऊ का मी?"

फकिरानं माशाच्या तोंडाला कान लावला.

"थांब डाक्टर. तोही तेच विचारतोय."