एकोणिसाव्या मजल्यावरची दीक्षा

“म्हणजे शहराची वाढ खोटी, असं म्हणायचंय का तुम्हाला, अक्का?”

दिनकरराव मोहोळकर हसत हसतच बोलले. सरकारला आर्थिक सल्ला देण्यात त्यांची हयात गेली होती. आता एकच राहिलं होतं, दीक्षा. ती द्यायला मठाच्या अक्का आज स्वतः घरी आल्या होत्या. अक्का त्यांच्या लेकीच्या वयाच्या. हे त्यांना जरा खटकत होतं, पण चालवून घेतलं होतं.

अक्का खिडकीतून खाली पाहत होत्या. एकोणीस मजले खाली निळ्या ताडपत्रीची छपरं दाटीवाटीनं पसरली होती.

“त्यांचंही होईल,” दिनकरराव म्हणाले. “वाढ सगळ्यांनाच वर आणते. कुणी आधी, कुणी जरा उशिरा.”

दिनकररावांनी घड्याळाकडे पाहिलं.

“मुहूर्त टळतोय, आणि फुलं आणायला गेलेल्या बाईचा पत्ता नाही!”

तेवढ्यात दार लोटून चांगुणा आत आली. फुलांची पिशवी खाली ठेवून ती भिंतीला टेकली.

“फुलं आणायला गेली होतीस की बाग लावायला?”

“आमची कामवाल्यांची लिफ्ट... बंद हाय, साहेब. जिन्यानं आले.”

“आणि ती दुसरी?” अक्कांनी विचारलं.

“ती घरमालकांची. आम्ही शिरलो की वॉचमन बाहेर काढतो.”

अक्कांसाठी पाटावर रेशमी आसन मांडलं होतं. अक्कांनी चांगुणाचा हात धरून तिला त्यावर बसवलं.

“सोसायटीचा नियम आहे,” दिनकरराव घाईनं म्हणाले. “मी एकटा काय करणार?”

“सोसायटीचे अध्यक्ष कोण?”

“...मीच.”

अक्कांनी चपला घातल्या आणि त्या जिन्याकडे निघाल्या.

“अहो, जिन्यानं कुठे? थांबा!” दिनकररावांनी धावत जाऊन बटण दाबलं.

लिफ्ट तळातून सरसर वर आली. दार उघडलं. आत आरसा, हळू आवाजातलं गाणं, गार वारा. माणूस एकही नाही.

अक्कांनी डोकावून पाहिलं.

“रिकामीच आली की वर.”

दिनकररावांनी लिफ्टचं दार हातानं अडवून धरलं.

“आणि... माझी दीक्षा, अक्का?”

अक्का चार पायऱ्या उतरल्यासुद्धा होत्या.

“खाली थांबते मी. चांगुणाबाईंना घेऊन या...” त्या वळल्या. “जिन्यानं नको.”