तंबोऱ्यातली घुणघुण

"मग दोष कुणाचा, आक्का? तेवढं सांगा."

वर्गात खडू कुणी फेकला, अशा सुरात हेडमास्तर तारळेकरांनी विचारलं. उभा जन्म लाल शाईनं चुकांना गोल काढण्यात गेलेला. गोल कुठं काढायचा ते कळेना, तर जेवण कसं गोड लागायचं!

सगुणाक्का तंबोरे करायची, भजनं शिकवायची. मास्तर तिचे शिष्य, केस पिकल्यावर झालेले.

"पोरगा एकोणीस वर्षं सरळ होता. आता म्हणतो, कुणी नसताना कानात आवाज बोलतात. डॉक्टर म्हणाले, जन्माच्या आगेमागे मेंदूतली रसायनं बिघडली असावीत, ती आत्ता दिसायला लागली. म्हणजे पोटुशी असताना हिनं ताप अंगावर काढला, तोच! मी हिला माहेरी पोचवतो."

मास्तरीणबाई उंबऱ्याशी बसलेल्या. पदर तोंडात.

"पोराला गोळ्या देताय न्हवं?"

"देतो."

"मग बसा. ह्यो तंबोरा छेडा."

मास्तरांनी छेडला. तारांमागून कुणीतरी पुटपुटावं तशी घुणघुण आली. मास्तरांनी खुंट्या पिळल्या, तारांखालचा दोरा सरकवला. घुणघुण हटेना.

"तार खराब आहे."

"कालच चढवली."

"मग तुमचा हात चुकला."

"व्हय, ढकला म्हातारीवर!" आक्का बोळकं पसरून हसली. "भोपळ्याच्या पाठीवरनं बोट फिरवा."

रोगणाखाली रुपयाएवढा खळगा लागला.

"वेलावर लिंबाएवढा होता, तवा गारपिटीतली एक गार लागली. मग फुगून घागरीएवढा झाला. चार वर्सं माळ्यावर वाळला. हूं नाही की चूं नाही. तारा ताणल्या, तवा बोलाय लागला."

मास्तरांनी पुन्हा तार छेडली. बोट खळग्यावरच होतं. एवढ्याशा जागेतून अख्खा भोपळा थरथरत होता, ती थरथर त्यांच्या हातातून छातीपर्यंत चढली. इतकी वर्षं हे आत गप्प बसलं होतं...



पण मास्तर ते मास्तरच.

"म्हणजे... दोष गारेचा," ते हळूच म्हणाले.

आक्कानं तळहात पुढं केला.

"आणा."

"काय?"

"ती गार. हितं ठेवा. मग मास्तरणीला खुशाल पोचवा."